मुळाशिवायची जुडी

वनस्पती ओळखणाऱ्या एका सरांनी अकोले तालुक्यातल्या डोंगरात राहणाऱ्या एका म्हातारीला फसवलं. त्यांनी चुकीच्या झाडाचा फोटो काढला, तो पुस्तकात छापला, आणि माणसं आजारी पडल्यावर ती ओळख म्हातारीनेच करून दिली होती असं सांगितलं. म्हातारीने नेमकं उलटं सांगितलं होतं. हे मला ठाऊक आहे, कारण त्या वेळी मी दोघांच्या मध्ये, सरांच्या कॅमेऱ्यावर छत्री धरून उभी होते.

मी भाजीचा धंदा करते. सुरुवात संगमनेरच्या बाजारात एका टोपलीपासून केली. आज दोन टेम्पो आहेत आणि सुप्याच्या चार कारखान्यांच्या कॅन्टीनला माझी भाजी जाते. हे कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. माझा राग नाकावर असतो आणि भाव करताना मी समोर कोण आहे ते बघत नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे ते.

मूळची मी नेवाशाकडची. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. आमच्याकडे रान म्हणजे बाभूळ, बोर, बांधावरचा लिंब. झाडं एवढी थोडी की प्रत्येकाला माणसासारखं ओळखायचो. त्यामुळे पहिल्यांदा अकोल्याच्या डोंगरात गेले, तेव्हा मला भोवळ आल्यासारखं झालं. पाय टाकावा तिथे हिरवं, आणि त्यातलं एकही ओळखीचं नाही. परक्या गावच्या जत्रेत शिरल्यासारखं वाटत होतं.

म्हातारी भेटली ती मात्र बाजारात. अकोल्याच्या आठवडी बाजारात एका कडेला फाटक्या पोत्यावर फोडशीच्या जुड्या मांडून बसली होती. फोडशी म्हणजे पावसाळ्यात उगवणारी गवतासारखी रानभाजी. लांब हिरवी पाती, खाली पांढरा देठ. तिच्या जुड्यांना मुळं तशीच होती आणि मुळांना ओला चिखल.

मी म्हटलं, "मावशी, ही माती कुणाला विकतेस? भाजी दे मला, माती घरी ने."

"माती न्हाई, मूळ हाय ते," ती म्हणाली. "मूळ बघ, मंग भाव कर."

"मुळं कापून दे. शहरातली लोकं चिखल घेत नाहीत."

"मंग शहरातच गवात घे जा. माझ्याकडं मुळाबिगर जुडी मिळनार न्हाई."

अशी बोलणारी विक्रेती मला आवडते. मी तिथेच बसले. विचारलं, मुळात एवढं काय ठेवलंय? तर तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "लेक देताना पोराचं घर बघतीस का न्हाई? का नुसता भांग बघून देतीस?"

"माझ्या नवऱ्याचा भांग फार चांगला होता, मावशी. घर बघितलं नाही म्हणून तर टोपली डोक्यावर आली."

ती एवढी हसली की तिला खोकला लागला. त्या दिवशी मी तिच्या सगळ्या जुड्या मुळांसकट घेतल्या. टेम्पोवाला चिडला, कारण चिखल सांडत होता.

त्यानंतर तीन पावसाळे आणि दोन उन्हाळे मी तिच्याकडे जात राहिले. धंद्यासाठीच जात होते, उगाच सोंग आणत नाही. करटुली, चाईची फुलं, कुरडू, भारंगी, टाकळा. कॅन्टीनचे साहेब लोक आठवड्यातून एकदा रानभाजी मागायला लागले होते आणि ती कुठे उगवते हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कारखान्यातली माणसं माझ्या भरवशावर जेवतात. माल कुठून येतो हे माहीत नसलं की मला झोप लागत नाही.

तिच्या पाड्यामागून चढण लागते. आधी कारवीची दाटी, मग हिरड्याची जुनी झाडं, त्यापुढे एक ओढा. ती खुरपं घेऊन पुढे, मी धापा टाकत मागे. मी बोट दाखवून विचारायचे, "हे काय?" ती कधी सरळ नाव सांगायची नाही.

"काय दिसतं तुला?"

"पान."

"पान तर समद्यांनाच असतं. खालनं बघ."

मग मी पान उलटं करायचे. खालून लव आहे का, शिरा कशा आहेत. मग ती देठ मोडून चीक येतो का ते दाखवायची. वास घ्यायला लावायची. मग विचारायची, शेळीनं ह्याला तोंड लावलेलं दिसतं का? शेजारी काय उगवलंय? दगडाच्या आडोशाला आहे की उघड्यावर? शेवटी खुरप्याने अलगद उकरून मूळ दाखवायची, पुन्हा माती लोटायची, आणि मग नाव. नाव नेहमी शेवटी. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाव आधी सांगितलंस तर तोंड झिजेल का?" ती म्हणाली, "नाव आदी सांगितलं की तू बघायची थांबतीस."

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक झुडूप होतं. तीन-तीन गोल पानं, खालून पांढरट मऊ. मला ते फार सुरेख वाटलं.

"ही कोण?"

"ठाव न्हाई."

मला वाटलं थट्टा करते. "सगळा जन्म या रानात गेला तुझा."

"मंग? तुझा बाजारात गेला. बाजारातली समदी मानसं वळखतीस व्हय?"

"आता हिचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजी? ऱ्हाऊ दे तिला. तिनं काय हाक मारली तुला?"

ठाऊक नाही हे एवढ्या सहज म्हणणारं माणूस मी धंद्यात पाहिलेलं नाही. तिथे प्रत्येकाला सगळं ठाऊक असतं. मलाही.

एका मे महिन्यात तिने मला एका कातळाखालच्या उतरणीवर नेलं. काळा कातळ, त्यावर वरून खालपर्यंत एक पांढरा ओघळ, चुना सांडल्यासारखा. उतरणीवर पान एकही नव्हतं. पण कोरड्या मातीतून काठीसारखे उंच दांडे वर आलेले आणि त्यांना मळकट तपकिरी फुलं.

"ध्यानात ठेव ही जागा. हा कोळकांदा. आदी फूल, मंग पान. पाऊस पडला की हितं जे उगवंल ना, ते फोडशीवानीच दिसंल. पन खाल्लं तर काळजाचं ठोकं मंद व्हत्यात."

तिने एक दांडा खणून काढला. खाली मुठीएवढा पांढरा कांदा निघाला. मी हातात घेतला, नखाने साल काढली. दोन दिवस माझ्या बोटांची आग होत होती. फोडशीच्या मुळाला कांदा नसतो, पांढऱ्या दोऱ्यांचा झुबका असतो. म्हणून ती मुळाशिवाय जुडी विकत नव्हती. आणि म्हणून तिची ओळख पावसात सुरू होत नव्हती, उन्हाळ्यात सुरू होत होती. कुठल्या उतरणीवर मे महिन्यात काय उभं होतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याने आषाढात तिथली पाती तोडू नयेत.

पाड्यावर एक रीत आहे. पावसाळ्यातली कोवळी भाजी रानातल्या देवापुढे ठेवल्याशिवाय कुणी खात नाही. हिरड्याखाली शेंदूर लावलेला दगड आहे, तोच देव. सगळ्या घरांतून बायका भाजी आणतात. ती आधी म्हातारीच्या पुढे ठेवतात. ती एकेक जुडी उलटी करून मूळ बघते, शिजवते, द्रोणात भरून दगडापुढे ठेवते, आणि मग सगळ्यांसमोर पहिला घास स्वतः खाते. तिने घास गिळला की पाडा खायला मोकळा. तोवर पाती बोटभर रुंद झालेली असतात आणि फोडशीला फुलाचा तुरा यायला लागलेला असतो, म्हणजे चुकायची भीती कमी. मी चर्चला जाणारी बाई, शेंदराला हात जोडत नाही. पण त्या दिवशी द्रोण हातात घेऊन उभी राहिले होते आणि तिचा घास उतरताना तिच्या गळ्याकडे बघत होते. तिच्या सासूकडून हे काम तिच्याकडे आलं होतं. आयुष्यात तिला दुसरा कसलाही मान कुणी दिलेला नव्हता.

आता सरांकडे येते.

सर कॉलेजातून निवृत्त झालेले. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात चांगला कॅमेरा, बोलणं गोड. मोबाईलवर त्यांचा एक ग्रुप होता. लोक त्यात रानात दिसलेल्या झाडांचे फोटो टाकत आणि सर एका ओळीत नाव कळवत. संगमनेरच्या माझ्या दुकानात येऊन म्हणाले, "ताई, ही भाजी तुम्हाला देणाऱ्या आजींना मला भेटायचंय. हे ज्ञान नोंदवलं गेलं पाहिजे, नाहीतर त्यांच्याबरोबर जाईल."

मला ते पटलं. आणि दुसरंही एक पटलं. छापील पुस्तक, रंगीत चित्र, सरांचं नाव, एवढं हाताशी असलं की कॅन्टीनवाल्यांपुढे माझा शब्द वजनदार होणार होता. मी सौदा केला. म्हातारीकडे नेते, पण पुस्तकात भाजी संगमनेरला कुठे मिळते तेही लिहायचं. सर हसून हो म्हणाले.

भुरभुर पाऊस होता. आम्ही तिघं त्या कातळाखालच्या उतरणीवर पोचलो आणि सरांना हिरव्यागार पात्यांचा एक झुबका दिसला. टोकांवर पाण्याचे थेंब. ते गुडघ्यांवर बसले. मी छत्री धरली.

म्हातारी मागून म्हणाली, "मास्तर, ती न्हवं. तो कोळकांदा हाय. फोडशी तिकडं, जांभळीच्या अंगाला."

"आजी, पान तर तेच आहे."

"पान तेच हाय. म्हनून तर सांगते. उपटून बघ."

"उपटायचं नाही आजी. उपटून उपटूनच ही झाडं संपत आलीत." हे ते मायेने म्हणाले आणि त्यात खोटं काही नव्हतं. ओढ्याकाठची फोडशी दोन वर्षांत विरळ झालेली मी पाहिली होती, आणि ती विरळ करण्यात माझे टेम्पो होते. मग त्यांनी मोबाईल काढला, पानावर धरला, मोबाईलने एक नाव दाखवलं. ते त्यांनी मला दाखवलं, म्हातारीला नाही. "बघा ताई."

"त्येच्यात मूळ दिसतं का?" म्हातारीने विचारलं.

सर हसले. ती खुरपं घेऊन पुढे वाकली, तर त्यांनी हात आडवा केला. "आजी, नको. राहू द्या." तिने खुरपं मागे घेतलं. मोठ्या माणसाने हात आडवा केला की मागे सरायचं, ही तिची सवय जन्मभराची. नंतर सरांनी जांभळीजवळचे फोटोही काढले. मला वाटलं, घरी गेल्यावर निवडतील, शिकलेले आहेत.

पुस्तक आलं. पातळ, गुळगुळीत, देखणं. फोडशीच्या पानावर थेंब असलेल्या पात्यांचा फोटो होता. मी तो पाहिला आणि पुढचं पान उलटलं. माझ्या दुकानाचा उल्लेख शोधत होते मी. तो शेवटच्या पानावर होता, ठळक अक्षरांत.

त्यानंतरच्या जूनमध्ये संगमनेरला रानभाजी महोत्सव ठरला. पुस्तकातल्या फोटोंची मोठी पोस्टरं केली. डोंगराच्या पायथ्याच्या गावांतल्या बचत गटाच्या बायकांना सरांनी पोस्टर दाखवून शिकवलं, की फोडशी अशी दिसते, विळ्याने वरच्यावर कापायची, मूळ जमिनीत ठेवायचं. त्या बायका शेतातल्या. रानाचा त्यांना तेवढाच परिचय जेवढा मला पूर्वी होता. मला ही पद्धत फार सोयीची वाटली. चिखल नाही, धुणं नाही, जुड्या एकसारख्या. सुप्याच्या कॅन्टीनसाठी असाच माल मी कधीपासून मागत होते. महोत्सवात त्याच जुड्यांचा स्टॉल मी घेतला.

म्हातारीला महोत्सवाचं सांगायला मी पाड्यावर गेले. ती म्हणाली, "आजून देवापुढं ठेवली न्हाई."

"मावशी, महोत्सवाला मोठे पाहुणे यायचेत, त्यांची तारीख ठरलीय."

"देवाची बी ठरलेली हाय."

"तू भाजी आणूच नकोस. नुसती स्टॉलवर बस. लोकांना बरं वाटतं."

तिला यायचं नव्हतं. मी आणलं. माझं अर्धं आयुष्य लोकांना नको ते करायला राजी करण्यात गेलंय. तिच्या सुनेला गाडीत पुढे बसवलं, नातवंडांना खाऊ घेतला, आणि म्हातारी आली.

स्टॉलवर तिने एक जुडी उचलली, सवयीने उलटी केली. खाली विळ्याने कापलेला सपाट देठ. तिने तो अंगठ्याने चाचपला, हुंगला, आणि जुडी खाली ठेवली.

"ही मला वळखू येत न्हाई."

"फोडशी आहे. पोस्टर बघ मागे."

"आसंल. ह्यातली थोडी फोडशी आसंल बी. पन मुळाबिगर मी न्हाई सांगनार."

पुढे रांग लागली होती. पाहुणे दोन स्टॉल सोडून उभे होते. माझं डोकं फिरलं. मी खालच्या आवाजात, पण दात खाऊन म्हटलं, "मग गप्प बस. तुला सांगायला नाही आणलं, बसायला आणलंय."

ती गप्प बसली. लोक येत होते, विचारत होते, "आजी, चांगली आहे ना भाजी?" ती माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "एकदम ताजी, सकाळचीच आहे." एक निवृत्त एस.टी. कंडक्टर आले. मोठ्याने बोलणारे, विनोदी. म्हणाले, "आजी बोलत नाहीत म्हणजे भाजी खरी. बोलघेवड्यांचा माल खराब असतो." त्यांनी दोन जुड्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आणि त्यांची बायको दवाखान्यात होते. उलट्या थांबत नव्हत्या. बाई सावरल्या. कंडक्टरना आधीच हृदयाची गोळी चालू होती. डॉक्टर म्हणाले, ठोके फार खाली गेलेत. नऊ दिवस ते आत होते. मी रोज जात होते, बाहेरच्या बाकावर बसत होते, आत जायचा धीर होत नव्हता. ते वाचले. आता काठी घेऊन चालतात आणि मोठ्याने बोलत नाहीत. आणखी दोन घरांत उलट्या झाल्या, त्या एका दिवसात थांबल्या.

चौकशी आली. सरांनी लेखी दिलं की वनस्पतीची ओळख स्थानिक वृद्ध महिलेने दिलेल्या माहितीवर आधारलेली होती, आणि स्टॉलवरही तीच उपस्थित होती. पुस्तकात तसं छापलेलंही होतं, फोटोखाली बारीक अक्षरांत: माहिती, स्थानिक आदिवासी महिला. पुस्तक आलं तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारीला मान दिलाय. आता तीच ओळ पुरावा झाली.

मला बोलावलं. समोरच्या साहेबाने विचारलं, "ओळख कुणी केली?"

सुप्याहून सकाळीच फोन आला होता. प्रकरण मिटेपर्यंत माल थांबवा. दोन टेम्पो, सात माणसं कामाला, आणि सरांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझं दुकान. मी म्हटलं, "साहेब, मला झाडांतलं कळत नाही. मी नुसती विकते."

मी असं बोलले हे आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

म्हातारीलाही चौकशीला बोलावून दिवसभर बसवून ठेवलं. संध्याकाळी एका कागदावर तिचा अंगठा घेतला. तिच्या सुनेने नंतर मला विचारलं, "त्या कागदावर काय हुतं? सासूबाई म्हनत्यात, म्या स्टालवर बसले हुते येवढंच लिवलंय." मी तो कागद पाहिला होता. त्यात लिहिलं होतं की वनस्पती तिने ओळखून दिली. मी सुनेला म्हटलं, "तसंच काहीतरी असेल."

पुढे काही झालं नाही. प्रकरण थंडावलं, सुप्याचा माल चालू झाला, सरांचा ग्रुप चालूच होता. पाड्यावरही तिला कुणी घालूनपाडून बोललं नाही. फक्त त्या वर्षी देवापुढे भाजी ठेवायच्या दिवशी पाड्यातली जाणती माणसं तिच्या दारात आली आणि म्हणाली, औंदा दुसऱ्या बाईला करू दे, लोकांच्या मनात भ्या हाय. तिने पातेलं दिलं. सून सांगत होती, द्रोण वाटले तेव्हा म्हातारी घरातच होती, आणि कुणीतरी आणून दिलेला द्रोण तिने शेळीपुढे ठेवला. शेळीने खाल्ला.

मी गेले ती त्यानंतर महिन्याने. तिने कोरा चहा केला, गूळ घातला. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी सोबत फोडशी आणली होती, मुळासकट, ओढ्याकाठून स्वतः उपटलेली. तिच्यापुढे ठेवली.

"मावशी, बघ बरं, बरोबर आणली का?"

तिने पाहिलं. हात लावला नाही. "ठाव न्हाई."

"अगं, फोडशी आहे ही. मूळ बघ."

"मला वळखू येत न्हाई."

"तूच शिकवलंस मला!"

"मंग तुला ठाव हाय. मला कशाला इचारतीस?"

मी अंगणातल्या कुरडूकडे बोट दाखवलं, तिच्या स्वतःच्या दारातल्या. ती म्हणाली, "ठाव न्हाई." ओढ्यावरच्या त्या झुडपाबद्दल हेच दोन शब्द ती किती मोकळेपणाने बोलली होती. सून म्हणाली, आता सगळ्यांनाच असं सांगतात. पाड्यातल्या पोरी रानातून काही आणून विचारतात, तर म्हणतात, मास्तरचं बुक बघा.

त्या दिवशी उतरताना मी एकटीच कातळाखाली गेले. पुस्तक पिशवीत होतं. फोडशीचं पान उघडून धरलं. थेंबवाल्या पात्यांच्या मागे, फोटोत जरासा धूसर, काळा कातळ आहे आणि त्यावर पांढरा ओघळ. जांभळीपाशी कातळ नाही, सगळी माती आहे. पहिल्यांदा पुस्तक हातात आलं तेव्हा शेवटचं पान शोधायची घाई केली नसती, तर हे मला तेव्हाच दिसलं असतं. मी खुरप्याने उकरलं. कांदा निघाला.

तो कांदा पात्यांसकट आणि फोडशीचा एक झुबका मुळांसकट अशा दोन गोष्टी घेऊन मी सरांच्या घरी गेले. वर्तमानपत्र पसरून त्यांच्या टेबलावर ठेवल्या, शेजारी पुस्तक उघडं.

"सर, यातली पुस्तकात कोणती?"

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "ताई, या अवस्थेत नुसत्या पानावरून सांगणं अवघड असतं."

"मग पुस्तकात कसं सांगितलंत?"

"फोटो निवडताना गफलत झाली असेल. डिझाईनवाल्याकडून."

"आणि माहिती, स्थानिक आदिवासी महिला? तीही डिझाईनवाल्याने लिहिली?"

"अहो, त्यांचा सन्मान म्हणून ते लिहिलं होतं. पुढच्या आवृत्तीत आपण दुरुस्त करू."

"पुढची आवृत्ती कधी?"

"ही संपली की."

मी सुरी मागितली नाही. कांदा टेबलाच्या कडेवर आपटून फोडला. चिकट पांढरा रस वर्तमानपत्रावर उतरला. अर्धा तुकडा त्यांच्यापुढे धरला. "घ्या, हातात घेऊन बघा. एवढे शिकलेले आहात."

सरांनी दोन्ही हात मागे घेतले.

म्हणजे ठाऊक होतं. रसाने हात भाजतो एवढं ठाऊक होतं, कांदा बघताक्षणी ठाऊक होतं. म्हातारीला त्या दिवशी खुरपं चालवू दिलं असतं, तर अर्ध्या मिनिटात ठाऊक झालं असतं. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली होती. मी खूप बोलले. त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. ते एवढंच म्हणाले, "ताई, स्टॉलवर तर तुम्हीच होतात." बरोबर बोलले ते. तरी मी दार आपटून निघाले. माझी बोटं तीन दिवस चुरचुरत होती.

हे सगळं मी कुणाची दया घेण्यासाठी लिहिलेलं नाही. माझ्या वाट्याचं उत्तर वर दिलेलं आहे. स्टॉलवर मी तिला गप्प बसवलं, चौकशीत मी गप्प बसले. कुणाला मला जाब विचारायचा असेल तर त्याने दुकानावर यावं, मी रोज पहाटेपासून असते. सुनेला कागदाबद्दल खोटं सांगितलं, तेही आता तिला जाऊन सांगितलंय. तिने मला चहा विचारला नाही.

उरले तुम्ही, सर. तुमचं पुस्तक अजून विकलं जातंय. मागच्या आठवड्यात मी ते एका शाळेच्या कपाटात पाहिलं. फोडशीच्या पानावर कातळ अजून आहे, ओघळ अजून आहे, आणि खाली बारीक अक्षरांत तीच ओळ आहे. म्हातारी थकली आहे. पुढचा पावसाळा बघेल की नाही सांगता येत नाही. तुम्ही उन्हाळ्यात तिच्या पाड्यावर या. मी गाडी पाठवते. कातळाखाली दांडे उभे असतील, ते बघा. मग हिरड्याखाली, सगळ्या पाड्यासमोर, तिच्याकडे तोंड करून एका गोष्टीचं उत्तर द्या. त्या दिवशी पावसात, माझ्या छत्रीखाली, तिने तुम्हाला "ती न्हवं, मास्तर" म्हणून सांगितलं होतं की नव्हतं?